काँक्रीटमधला फायबर: लाइटवेट आणि एससीसीसाठी कोणता घ्यावा, किती टाकावा

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही गावात सिमेंटच्या दुकानात गेलं की वॉटरप्रूफिंगच्या डब्यांशेजारी फायबरची पाकिटं दिसतात. बारा मिलिमीटर लांबीचे पांढरे, रेशमासारखे तंतू, वजन १२५ ग्रॅम, आणि सोबत तोंडपाठ सल्ला: गोणीमागे एक पाकीट. साध्या कोब्याला हा सल्ला बहुतेक वेळा निभावतो. पण तोच फायबर लेका (भट्टीत भाजून फुगवलेल्या मातीचे हलके गोळे) घातलेल्या हलक्या काँक्रीटमध्ये किंवा व्हायब्रेटर न लावता आपोआप बसणाऱ्या एससीसीमध्ये टाकला की सगळा हिशेब बदलतो. पाणी, केमिकल, खडीचा आकार, सळ्यांमधलं अंतर, यांतलं काहीच पाकिटावर छापलेलं नसतं. हा रिव्ह्यू त्या दोन काँक्रीटपुरता आहे. त्यासाठी बाजारात मिळणारे चार प्रकार पाहिले आहेत: बारीक पॉलिप्रॉपिलीन, जाड सिंथेटिक म्हणजे मॅक्रो, टोकाला हुकसारखा वाकवलेला स्टील फायबर आणि काचेचा फायबर.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. लाइटवेट काँक्रीटमध्ये फायबरचे पैसे वसूल होतात, कारण ते काँक्रीट मुळातच ठिसूळ असतं. एससीसीमध्येही फायबर चालतो, पण मिक्स त्याच्यासाठी बांधलेलं असेल तरच. तयार एससीसीत वरून पाकिटं फाडून टाकली तर चांगलं मिक्स वाया जातं.

पाकिटापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त खप त्याचाच आहे. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९१, म्हणजे तो पाण्यापेक्षा हलका. पाकिटावर काय लिहिलंय ते बाजूला ठेवा आणि काचेच्या बरणीत पाणी घेऊन चिमूटभर तंतू टाका, भांड्याच्या साबणाचा एक थेंब घाला, म्हणजे तंतूंना चिकटलेली हवा सुटेल. झाकण लावून जोरात हलवा आणि पाच मिनिटं बरणी स्थिर ठेवा. पॉलिप्रॉपिलीन असेल तर तंतू हळूहळू वर येऊन तरंगतात. तळाला बसले तर ते पॉलिएस्टर (घनता सुमारे १.३८) किंवा काच आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. सिमेंटच्या अल्कलीत पॉलिएस्टर हळूहळू झिजतं, पॉलिप्रॉपिलीनला अल्कलीचा त्रास नाही. याच बरणीत दुसरी गोष्टही कळते: तंतू सुटे होऊन पसरले तर माल चांगला, कापसाच्या बोंडासारखा पुंजका तसाच राहिला तर मिक्सरमध्येही तो पुंजकाच राहणार. सुट्या, लेबल नसलेल्या पाकिटांना ही चाचणी लावल्याशिवाय हात लावू नका.

आता मात्रा. बारीक पॉलिप्रॉपिलीनची नेहमीची मात्रा घनमीटरला साधारण ९०० ग्रॅम असते, म्हणजे आकारमानाने ०.१ टक्का. गोणीमागे १२५ ग्रॅमचा नियम याच आकड्याच्या आसपास पोचतो, पण फक्त एका ठरावीक काँक्रीटला. घनमीटरला ३८० किलो सिमेंट असेल तर ७.६ गोण्या होतात आणि फायबर ९५० ग्रॅम पडतो, म्हणजे ठीक. एससीसीत मात्र पावडर, म्हणजे सिमेंट आणि औष्णिक केंद्राची बारीक राख (फ्लाय अ‍ॅश) मिळून, ५०० किलो असते आणि त्यातली दीडशे किलो फ्लाय अ‍ॅश असते. गोण्या फक्त सिमेंटच्या मोजल्या तर ८७५ ग्रॅम होतो, कुणी फ्लाय अ‍ॅशही गोणीत धरली तर सव्वा किलो. तेच १:४:८ च्या (एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी) कमी सिमेंटच्या मालात गोणीच्या नियमाने फायबर निम्म्यावर येतो. म्हणून मिस्त्रीला गोणीचा हिशेब सांगू नका. घनमीटरला किती ते ठरवा आणि मिक्सरच्या एका घाण्याला किती ते काट्यावर तोलून पिशव्या भरून ठेवा.

एवढ्याशा ९०० ग्रॅमने काय होतं, असं वाटेल. तंतूची जाडी ३२ मायक्रॉन धरली तर एक लिटर फायबरचा, म्हणजे ९१० ग्रॅमचा, एकूण पृष्ठभाग सुमारे १२५ चौरस मीटर भरतो. एवढ्या पृष्ठभागाला सिमेंटचं पेस्ट चिकटतं. त्यामुळेच फायबर टाकल्यावर माल अचानक घट्ट वाटतो, आणि त्यामुळेच साइटवर कुणीतरी पाण्याची बादली उचलतं. तिथेच सगळं बिघडतं. उलट स्टीलचा ०.७५ मिलिमीटर जाडीचा फायबर ३० किलो टाकला तरी पृष्ठभाग जेमतेम २० चौरस मीटर. स्टीलचा फायबर पेस्ट खात नाही, तो लांबीने अडतो. हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांवरचे उपाय वेगळे आहेत.

बारीक फायबर नेमकं काय करतो, तेही स्पष्ट असावं. त्याचा स्थितिस्थापक गुणांक, म्हणजे ताठपणा, साधारण ४ गिगापास्कल, घट्ट झालेल्या काँक्रीटचा २५ ते ३०. म्हणजे काँक्रीट पक्कं झाल्यावर हे तंतू त्याच्यापुढे रबरासारखे. ते काम करतात पहिल्या काही तासांत, जेव्हा काँक्रीट स्वतःच मऊ असतं आणि वरचं पाणी उडून पृष्ठभाग आखडत असतो. त्या वेळी पडणाऱ्या केसासारख्या भेगा ते अडवतात. क्यूबची ताकद त्यांनी वाढत नाही, झालीच तर किंचित कमी होते. «फायबर टाकलाय, सळी एक नंबर कमी केली तरी चालेल» हे वाक्य कुणाच्या तोंडी आलं तर तिथेच थांबवा. १२ मिलिमीटरचं पाकीट एकाही सळीची जागा घेत नाही.

आता लाइटवेट काँक्रीट. खान्देशात त्याची मागणी मुख्यतः गच्चीच्या उताराला, जुन्या घरावर वाढवलेल्या मजल्याला आणि शीतगृहाच्या फरशीखाली येते. साधं काँक्रीट घनमीटरला २४०० किलो, हलकं २००० च्या आत. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटरचा थर साध्या काँक्रीटचा टाकला तर स्लॅबवर २२ टन बसतात. १४५० किलोच्या लेका काँक्रीटचा टाकला तर साडेतेरा टन. जुन्या बांधकामाला हा जवळजवळ नऊ टनांचा फरक मोठा दिलासा असतो.

पण हलकी खडी कच्ची असते. बेसाल्टच्या खडीभोवती भेग वळसा घालून जाते, लेकाचा दाणा मात्र ती मधोमध चिरते. म्हणून हलकं काँक्रीट एकदम, आवाज करत तुटतं. फायबर इथे खरा कामाला येतो, चिरलेल्या भेगेच्या दोन्ही काठांना धरून ठेवतो. दुसरा फायदा तितकाच मोठा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं: लेका पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे मालात वर तरंगतो. बारीक तंतूंची जाळी त्याला जागेवर थोपवते. तरंगण्याचा त्रास असलेल्या मिक्समध्ये ९०० ग्रॅम पॉलिप्रॉपिलीनने जो फरक पडतो तो दिसण्यासारखा असतो, पृष्ठभागावर गोळ्यांचा थर येण्याऐवजी माल एकसारखा राहतो.

गच्चीच्या थरासाठी सुरुवातीला धरायचं प्रमाण असं, एका घनमीटरला: सिमेंट ३८० किलो, फ्लाय अ‍ॅश ८० किलो, पाणी १९० लिटर, क्रश सँड ५०० किलो, ८ ते १५ मिलिमीटरचा लेका सुमारे २८५ किलो, पॉलिप्रॉपिलीन ९०० ग्रॅम. लेकाच्या दाण्याची घनता ०.६५ धरून हा आकडा आहे. प्रत्येक लॉटची घनता वेगळी निघते, म्हणून एक बादली लेका तोलून आकारमानाने जुळवून घ्या. ओली घनता १४५० च्या आसपास यावी. १६०० वर गेली तर एकतर वाळू जास्त पडली आहे किंवा लेकाने मिक्सरमध्येच पाणी पिऊन घेतलं आहे.

हा पाणी पिण्याचा मुद्दा फायबरपेक्षाही जास्त कामं बिघडवतो. लेका कोरडा टाकला तर दहा मिनिटांत माल घट्ट होतो आणि दोष फायबरवर जातो. आदल्या संध्याकाळी लेका भिजवा, सकाळी गोण्यांतून निथळू द्या, दाणे आतून ओले आणि वरून कोरडे असावेत. ओथंबलेले दाणे टाकले तर ते पाणी नंतर पेस्टमध्ये उतरतं आणि ताकद जाते.

मिसळण्याचा क्रम: आधी लेका आणि वाळू, त्यावर एक तृतीयांश पाणी, एक मिनिट फिरवा. मग फायबर हाताने सुटा करत, मूठमूठ, फिरत्या ड्रममध्ये सोडा. पाकीट तसंच फेकू नका. पाण्यात विरघळणाऱ्या कागदाची पिशवी असेल तरच ती बंद टाकायची. मग सिमेंट, फ्लाय अ‍ॅश, उरलेलं पाणी आणि केमिकल. फायबर पडल्यानंतर किमान चार मिनिटं मिक्सर फिरला पाहिजे. साइटवरचा फिरता मिक्सर दीड मिनिटात रिकामा करायची घाई असते, आणि पुंजके राहतात ते तिथेच. थापीवर थोडा माल घेऊन अंगठ्याने पसरवा. तंतू एकेक दिसायला हवेत, गुच्छ दिसला तर अजून फिरवा.

फोम काँक्रीटमध्ये, म्हणजे सीएलसीमध्ये, क्रम उलटा केला की नुकसान ठरलेलं. फायबर आधी सिमेंटच्या रबडीत पूर्ण पसरवायचा, फोम सगळ्यात शेवटी. फोम टाकल्यावर फायबर टाकला तर तो पसरवण्यासाठी जास्त फिरवावं लागतं, बुडबुडे फुटतात, ८०० ची घनता ९५० वर जाते आणि घाण्याचं आकारमान कमी भरतं. फोम काँक्रीटमध्ये स्टील फायबर घालू नका. ७.८५ घनतेची तार त्या फेसात खाली जाऊन बसते आणि जाताना बुडबुडे फोडते.

लाइटवेटमध्ये भेगेनंतरची खरी ताकद हवी असेल तर आमची पसंती मॅक्रो सिंथेटिकला आहे. ४० ते ५४ मिलिमीटर लांब, ०.३ मिलिमीटरपेक्षा जाड, घनमीटरला ४ किलो. हे ४ किलो आकारमानाने ४.४ लिटर होतात. तेवढ्याच आकारमानाचं स्टील टाकलं तर वजन ३४ किलोंनी वाढतं, आणि हलक्या काँक्रीटमध्ये किलो वाचवण्यासाठीच तर एवढा खटाटोप केलेला असतो. उणीव एकच पण ठसठशीत: प्लास्टिक सततच्या ताणाखाली आणि उष्णतेत हळूहळू लांबत जातं. पत्र्याच्या शेडखालच्या, मे महिन्यात तापणाऱ्या, कायम ताणात राहणाऱ्या भागाला मॅक्रो सिंथेटिकच्या भरवशावर ठेवू नका.

एससीसीकडे वळू. व्हायब्रेटरशिवाय आपोआप बसणाऱ्या काँक्रीटची कल्पना जपानमध्ये प्राध्यापक हाजिमे ओकामुरा यांनी १९८६ मध्ये मांडली, आणि १९८८ मध्ये पहिला नमुना तयार झाला. कारण साधं होतं: काँक्रीट ठोकून बसवणारे कुशल कामगार कमी पडत होते. आज आपल्याकडे दाट सळ्यांच्या कॉलमला आणि प्रीकास्टला ते याच कारणासाठी लागतं. आपल्याकडे मिश्रणाची पद्धत आयएस १०२६२ च्या २०१९ च्या आवृत्तीत आणि ताज्या मालाच्या चाचण्या आयएस ११९९ भाग ६ मध्ये दिल्या आहेत.

फायबरसह चालणारं एक मिक्स असं, एका घनमीटरला: ५३ ग्रेड सिमेंट ३५० किलो, फ्लाय अ‍ॅश १५० किलो, पाणी १७५ लिटर, १२.५ मिलिमीटरपर्यंतची बेसाल्ट खडी ८१० किलो, क्रश सँड ९०० किलो, स्टील फायबर २५ किलो. फ्लाय अ‍ॅशची अडचण इथे नसावी, दीपनगरचं औष्णिक केंद्र भुसावळशेजारीच आहे. मात्र आयएस ३८१२ भाग १ ची छाननी केलेली कोरडी अ‍ॅशच घ्या. तळ्यात साठवलेली राख भरड असते, पाणी जास्त मागते, एससीसीत ती नको. क्रश सँडमधली धूळ लॉटगणिक बदलते आणि तिचा परिणाम फायबरपेक्षा आधी दिसतो, म्हणून ट्रायल ज्या वाळूवर केली त्याच खाणीची वाळू कामाला लावा. केमिकल पीसीई प्रकारचं, म्हणजे पाणी न वाढवता माल पातळ करणारं, पावडरच्या १ टक्क्यापासून सुरू करा, फायबर आल्यावर ०.१ ते ०.२ टक्का वाढवावं लागतं. फ्लो परत मिळवायचा तो केमिकलनेच. पाणी वाढवलं तर खडी खाली आणि पेस्ट वर, असं वेगळं होतं.

लक्षात घ्या, यात खडी जाणूनबुजून कमी ठेवली आहे. युरोपीय मार्गदर्शिकेत (२००५) एससीसीसाठी खडीचं आकारमान घनमीटरला २७० ते ३६० लिटर दिलं आहे. फायबर टाकायचा असेल तर खालच्या टोकाला राहा. खडी आणि लांब फायबर एकमेकांची वाट अडवतात. प्रत्येक ३५ मिलिमीटरच्या तारेला वळायला पेस्टची जागा लागते, ती जागा खडी कमी करूनच मिळते.

स्टील फायबर कोणता? बाजारात ६० मिलिमीटर लांब आणि ०.७५ मिलिमीटर जाड असा मिळतो, तसाच ३५ मिलिमीटर लांब आणि ०.५५ मिलिमीटर जाडही. पहिला किलोला सुमारे ४८०० नग, दुसरा सुमारे १५,००० नग. साध्या गोदामाच्या फरशीला ६० मिलिमीटरचा बरा. एससीसीत, सळ्या असतील तिथे, ३५ मिलिमीटरचाच घ्या. नियम असा: सळ्यांमधलं मोकळं अंतर फायबरच्या लांबीच्या दोन ते तीनपट हवं. १२ मिलिमीटरच्या सळ्या १०० मिलिमीटर अंतरावर असतील तर मोकळी जागा ८८ मिलिमीटर, ३५ च्या फायबरला पुरते, ६० च्या नाही. बीम आणि कॉलमच्या जोडात मोकळी जागा ४०-५० मिलिमीटर असते. तिथे कुठलाही स्टील फायबर पाठवू नका. तो सळ्यांच्या तोंडाशी काटक्या अडकाव्यात तसा अडकतो, त्यामागे खडी थांबते, आणि साचा उघडल्यावर आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळी निघते.

गोंदाने एकमेकांना चिकटवलेल्या पट्ट्यांचा फायबर थोडा महाग पडतो, तरी तोच घ्या. गोंद मिक्सरमध्ये पाण्याने सुटतो आणि तारा एकेक होतात. सुट्या लांब तारा गोळे बांधतात. ट्रान्झिट मिक्सरमध्ये टाकताना ड्रम पूर्ण वेगाने फिरवत मिनिटाला २० ते ४० किलो, त्याहून जलद नाही, आणि शेवटची पिशवी पडल्यावर आणखी पाच मिनिटं. सहा घनमीटरच्या गाडीत २५ च्या हिशेबाने १५० किलो जातात, म्हणजे टाकायलाच चार ते आठ मिनिटं धरा. «ड्रायव्हरला घाई आहे» म्हणून तीन पिशव्या एकदम ओतल्या की गोळा ठरलेला, आणि एकदा झालेला गोळा कितीही फिरवला तरी सुटत नाही. पंप लावायचा असेल तर पाइपचा आतला व्यास फायबरच्या लांबीच्या किमान दीडपट हवा. चार इंची पाइप ६० मिलिमीटरलाही चालतो, पण हॉपरवरच्या जाळीत तारा आडव्या साचतात, तिथे एक माणूस उभा ठेवा.

चाचणी प्लँटवर नको, साइटवर आणि फायबर पडल्यानंतर करा. स्लंप फ्लो, म्हणजे शंकूतून सोडलेला माल पसरून होणाऱ्या चकतीचा व्यास, ६६० ते ७५० मिलिमीटर यावा. लाइटवेट एससीसी असेल तर ६०० ते ६५० वरच थांबा, कारण हलका माल मंद वाहतो आणि जास्त पातळ केला तर लेका वर येतो. आकड्याइतकंच चकतीकडे नीट पाहा. मध्यभागी तारांचा किंवा खडीचा ढीग आणि काठाला नुसती पेस्ट दिसली तर आकडा ७०० असला तरी ती गाडी परत पाठवा. चांगल्या मालात काठापर्यंत तारा दिसतात. जे-रिंगची चाचणी, म्हणजे उभ्या सळ्यांच्या कड्यातून माल पार होतो का ते पाहणं, स्टील फायबरला ५९ मिलिमीटरच्या रुंद अंतराच्या कड्याने करा. ४१ मिलिमीटरच्या कड्यात ३५ चा फायबर अडणारच, आणि विनाकारण चांगलं मिक्स नापास होईल.

फायबर खरंच पुरेसा पडलाय का, हे कळायला एक सोपी पद्धत आहे आणि ग्राहकाने ती हक्काने करावी. गाडीच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असा प्रत्येकी १० लिटर माल घ्या, जाळीवर धुवा, लोहचुंबकाने तारा गोळा करा, पुसून तोला. २५ किलोची मात्रा असेल तर प्रत्येक नमुन्यात २५० ग्रॅमच्या आसपास निघायला हव्यात. एकात ३५० आणि दुसऱ्यात १४० निघाल्या तर मिसळणं कमी पडलं. तिन्हींत १५० निघाल्या तर मालच कमी टाकलाय.

एससीसीतल्या फायबरची जी गोष्ट डिझाइन करणाऱ्यांनाही अनेकदा सुचत नाही ती म्हणजे दिशा. वाहत्या मालात तारा प्रवाहानुसार वळतात. बीम एका टोकाकडून भरला तर तारा लांबीच्या दिशेने लागतात, आणि खालच्या ताणाला त्या नेमक्या हव्या तशा मिळतात. तोच बीम मधोमध दोन-तीन ठिकाणी ओतला तर प्रवाह जिथे भेटतात तिथे तारा उभ्या आडव्या होतात आणि नेमकी तीच जागा कच्ची राहते. फरशीच्या पॅनलमध्ये मात्र मधोमध ओतून चारी बाजूंना पसरू दिलं तर तारा प्रवाहाला आडव्या, वर्तुळात लागतात. म्हणून कुठून ओतायचं ते नकाशावर बाण काढून आधीच ठरवा. युरोपीय मार्गदर्शिका एससीसी १० मीटरपेक्षा जास्त आडवं वाहू देऊ नका असं सांगते. फायबर असेल तर आम्ही पाच मीटरवर पाइप सरकवायला सांगू.

दुकानदाराकडून किंवा पुरवठादाराकडून कोणता कागद मागायचा? स्टील आणि मॅक्रो, दोघांसाठी युरोपीय मानक ईएन १४८८९ ची घोषणा मागा. त्यात कंपनीने सांगायचं असतं, की किती किलोला तिच्या फायबरने ०.५ मिलिमीटर भेगेवर १.५ मेगापास्कल आणि ३.५ मिलिमीटर भेगेवर १ मेगापास्कल ताण सोसला. हीच त्या फायबरची किमान मात्रा. कुणी ३० किलोला हा आकडा गाठतो, कुणी २० किलोला. किलोचा भाव स्वस्त पण मात्रा दीडपट असेल तर स्वस्त कसला? आणि सळीच्या जागी फायबर वापरायचा असेल तर फिब या आंतरराष्ट्रीय काँक्रीट संघटनेच्या २०१० च्या मॉडेल कोडची अट पाहा: ०.५ मिलिमीटर भेगेवरची ताकद पहिल्या भेगेच्या ताकदीच्या किमान ०.४ पट, आणि २.५ मिलिमीटरवरची ०.५ मिलिमीटरवरच्या किमान निम्मी. स्लॅब-बीमचा निर्णय इंजिनिअरने या आकड्यांवर घ्यावा, दुकानाच्या काउंटरवर नको.

काचेच्या फायबरबद्दल थोडक्यात. झिर्कोनियाचं प्रमाण १६ टक्के किंवा जास्त असलेला अल्कली-रोधक, म्हणजे एआर ग्लास, असेल तरच घ्या. दर्शनी पातळ पॅनल, जाळ्या, नक्षीकाम यांना तो सुंदर काम देतो. साधा ई-ग्लास सिमेंटमध्ये कालांतराने खाल्ला जातो. आणि एआर ग्लाससुद्धा खडीच्या मिक्सरमध्ये जास्त वेळ फिरवला तर तंतू तुटून चुरा होतो, म्हणून तो शेवटी, कमी वेळासाठी टाकायचा.

खान्देशच्या उन्हाळ्याबद्दल बोललंच पाहिजे. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. आयएस ७८६१ भाग १ नुसार ४० अंशांच्या वरचं काम म्हणजेच उन्हाळी काँक्रीटिंग, त्याची वेगळी काळजी सांगितलेली आहे. चौरस मीटरमागे ताशी एक किलोच्या आसपास पाणी उडायला लागलं की ओल्या पृष्ठभागावर भेगा येण्याचा धोका असतो, आणि वाऱ्याच्या दुपारी तेवढं सहज उडतं. बारीक पॉलिप्रॉपिलीन या भेगा कमी करतो, पण पाणी उडणं थांबवत नाही. एससीसीत तर वर पाणी येतच नाही, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग साध्या काँक्रीटपेक्षा आधी सुकतो. संध्याकाळी ओता, रंधा फिरवल्याबरोबर प्लास्टिकचा कागद अंथरा, सकाळी वाफे बांधून पाणी भरा. लाइटवेटला आतल्या भिजलेल्या लेकामुळे थोडी आतून मदत मिळते, तरी सात दिवस पाणी मारणं चुकवू नका. प्लँटवरून साइट तासाभराच्या अंतरावर असेल तर फायबर प्लँटवर न टाकता साइटवर गाडीत टाका. वाटेतच घट्ट झालेला माल पाणी टाकून पातळ करण्याचा मोह मग होत नाही.

आणि काळ्या मातीबद्दल. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन पायाच हलवते. त्या हालचालीने भिंतीला, कोब्याला पडणारी भेग फायबरच्या आवाक्यातली नाही. तिथे मुरूम भरून, पाया खाली नेऊन काम करावं लागतं. फायबर टाकूनही भेग पडली म्हणून तक्रार येते, त्यातल्या बऱ्याच भेगा मातीच्या असतात.

पाच पैकी गुण द्यायचे तर: लाइटवेटसाठी बारीक पॉलिप्रॉपिलीन साडेचार, मॅक्रो सिंथेटिक चार. एससीसीसाठी ३५ मिलिमीटरचा गोंदवाला स्टील फायबर चार, बारीक पॉलिप्रॉपिलीन तीन, कारण फ्लो खातो. ६०० ग्रॅमवर ठेवला तर साडेतीन. ६० मिलिमीटरचा स्टील सळ्या असलेल्या एससीसीसाठी दीड, सळ्यांशिवायच्या फरशीसाठी चार. काचेचा फक्त पॅनलसाठी.

स्टील फायबरची फरशी असेल तर दोन गोष्टी कंत्राटातच लिहून घ्या. एक, वर ड्राय शेक हार्डनरचा (ओल्या काँक्रीटवर भुरभुरून घोटायच्या कडक भुकटीचा) थर, नाहीतर पृष्ठभागाजवळच्या तारा पहिल्या पावसाळ्यात तपकिरी ठिपके सोडतात. ते ताकदीला घातक नाहीत, पण डाळ मिलच्या किंवा खाद्यपदार्थांच्या गोदामाला कुणालाच आवडत नाहीत. दोन, जॉइंट कापण्याची वेळ. फार लवकर करवत लावली तर तारा उपटून येतात आणि काठ कुरतडल्यासारखे होतात. उशीर झाला तर काँक्रीट आपल्या सोयीने भेग पाडतं. कोपऱ्यात हातभर कापून पाहायचं, काठ स्वच्छ राहिला की लगेच सगळे जॉइंट जाडीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत कापायचे.